आक्काची गाठ आणि माझी

आमच्या गावात दोघी-तिघींना गलगंड होता. त्या तो पदराखाली झाकायच्या आणि तसाच घेऊन म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्याकडं बघून कुणाला भीती वाटायची नाही. म्हणून आईच्या गळ्याला डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मी चौदा वर्षांची होते. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या पाच-सहा वर्षं आधीची ही गोष्ट.

निपाणीहून चिकोडीच्या वाटेवर चार-पाच मैलांवर आमचं गाव. अण्णा, म्हणजे माझे वडील, तंबाखू करायचे आणि निपाणीच्या वखारीत घालायचे. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायचं. आई रागावली की कानडीत बोलायची. आम्ही दोघी बहिणी. आक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि तेराव्या वर्षी तिचा नवरा प्लेगानं गेला. अण्णांनी तिला परत आणलं, आणि भाऊबंदांचं न ऐकता शिकवलं. ती निपाणीत मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. तिथंच एका ओळखीच्या घरात खोली घेऊन राहायची आणि शनिवारी दुपारी गाडीवाटेनं चालत गावाकडं यायची. तिचा आवाज मोठा होता. वेशीत कुणाशी बोलत उभी राहिली तर आम्हाला घरामागं परड्यात ऐकू यायचं, आणि आई म्हणायची, "आली बघ, चुलीवर पाणी ठेव."

आईची गाठ वाढत गेली. वैद्यानं कांचनाच्या सालीचा काढा दिला, वरून लेप दिला. कुणी सांगितलं म्हणून बिब्ब्याचा डाग दिला, त्याची जखम महिनाभर चिघळली. दुसऱ्या वर्षी तिचा आवाज बसला. मग भाकरी गिळेना, म्हणून आंबिल. मग आंबिलही नाकातून यायला लागली. तेव्हा कुठं अण्णांनी तिला मोटारीनं बेळगावला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी सोबत गेले होते.

डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, पन्नाशीचे होते. त्यांनी आईच्या पाठीमागं उभं राहून दोन्ही हातांनी गळा चाचपला. मग तिला घोटभर पाणी दिलं आणि म्हणाले, "गिळा." आईनं कसंबसं गिळलं. डॉक्टर अण्णांना बाहेर घेऊन गेले. मी दाराशीच होते, मला सगळं ऐकू आलं.

"साधी गाठ गिळताना वरखाली होते. ही हलत नाही. आत दगडासारखी रुतलीय, श्वासनळीला धरलंय. याला कॅन्सर म्हणतात. आता सुरी लावण्यात अर्थ नाही."

"आधी आणली असती तर?" अण्णांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "चण्याएवढी होती तेव्हा आणली असती तर काढली असती. अशी गाठ घरात पुन्हा कुणाला दिसली तर वेळ लावू नका."

आई त्यानंतर सात आठवडे होती. शेवटी पाणीही उतरत नव्हतं. बस्तीतले, म्हणजे आमच्या जैन देवळातले लोक येऊन पाया पडायचे. म्हणायचे, केवढी पुण्यवान, अन्नपाणी सोडून चाललीय. मी तिच्या उशाशी बसलेली असायचे. तिनं काही सोडलेलं नव्हतं. तिला भूक लागायची. वाटीकडं बोट करायची, घोट घ्यायची आणि तो तिच्या हनुवटीवरून खाली यायचा. मी पदरानं पुसायचे. लोकांना हे सांगावं असं मला फार वाटायचं, पण अण्णांना त्या बोलण्याचाच आधार होता, म्हणून गप्प राहिले.

आई गेल्यावर अण्णा बदलले. डॉक्टरांनी पाणी पाजून गळा बघितला होता, ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दर रविवारी सकाळी ते आम्हा दोघींना पुढच्या दारात उजेडाला उभं करायचे, हातात तांब्या द्यायचे आणि म्हणायचे, "मान वर कर. आता गीळ." आम्ही गिळायचो आणि ते खाली वाकून बघायचे. त्यांची नजर अधू होत चालली होती, म्हणून फार जवळ यायचे. आक्काला हसू यायचं. "अण्णा, माझ्या नरड्यात काय रुपाया अडकलाय व्हय?" असं ती म्हणायची. अण्णा हसायचे नाहीत.

हळूहळू शेजारपाजारचे लोकही आपल्या बायका-पोरी घेऊन अण्णांकडं येऊ लागले. अण्णा काही वैद्य नव्हते, पण ज्याच्या घरात घडलं त्याला कळतं असं लोकांना वाटायचं. अण्णा बघायचे आणि जराशी शंका आली तरी म्हणायचे, बेळगावला जा. त्या वर्षात आमच्या पट्ट्यातून कितीतरी बायका बेळगावला जाऊन आल्या. ज्या म्हाताऱ्यांनी तीस-तीस वर्षं गलगंड बाळगला होता त्यांनाही लेकांनी बैलगाडीत घालून मोटारीपर्यंत नेलं. काही जणी गळ्यावर आडवा व्रण घेऊन परत आल्या आणि बऱ्या होत्या. एकीला आठवडाभर हातापायांत गोळे आले, मग तीही बरी झाली. लोक म्हणायचे, अण्णांनी वाचवलं. कुणाला कशापासून वाचवलं ते कुणी विचारत नव्हतं. मीही नाही.

आणि मग आक्काची गाठ सापडली. ती अण्णांना नाही सापडली, मला सापडली.

थंडीचे दिवस होते. आक्काला खोकला झाला होता, म्हणून ती आठवडाभर रजेवर घरी आली होती. मी तिच्या गळ्याला ओव्याचं कोमट तेल चोळत होते. नरड्याच्या उजव्या बाजूला, खाली, माझ्या बोटाला काहीतरी लागलं. बोरीच्या बीएवढं, घट्ट. मी हात काढून घेतला. आक्कानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "दसऱ्यापासनं हाय ते."

"अण्णांस्नी कसं काय दिसलं न्हाय?"

"खालच्या अंगाला हाय. मी मान जरा कमीच वर करते." ती हसली, पण नीट नाही. मग माझा हात धरून म्हणाली, "सांगू नगोस. दुखत न्हाय, वाढत न्हाय. शाळेची परीक्षा झाली की उन्हाळ्यात मीच जाईन. आत्ता सांगितलंस तर अण्णा उद्याच गाडी जुंपतील."

मी हो म्हटलं. दोन दिवस गप्प राहिले. त्या दोन दिवसांत मला जेवण गेलं नाही. आक्का बोलायची तेव्हा मी तिच्या आवाजात आईचा बसलेला आवाज शोधायचे. तिला भाकरी वाढली की घास खाली जातो का ते बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा परड्यात बैलांना पाणी दाखवत होते, तिथं जाऊन मी सांगून टाकलं. त्यांच्या हातातली बादली कलंडली. आक्का म्हणाली होती तसंच झालं. दुसऱ्याच दिवशी ते आम्हा दोघींना घेऊन बेळगावला निघाले.

वाटेत आक्का माझ्याशी बोलली नाही.

तेच डॉक्टर होते. त्यांनी आक्काचा गळा चाचपला, पाणी पाजलं. म्हणाले, "ही हलते. साधीच असावी. पण आईचा इतिहास असा आहे. मी घरचा असतो तर काढून टाका म्हटलं असतं."

आक्कानं विचारलं, "न्हाय काढली तर काय हुईल?"

"कदाचित काहीच नाही. कदाचित तुमच्या आईसारखं. बाहेरून हात लावून मला ते सांगता येत नाही. काढून, मुंबईला पाठवून, काचेखाली बघितल्यावरच कळतं."

"आणि काढताना काय धोका?"

डॉक्टर खरं बोलले, हे मला आजही सांगायचं आहे. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, आवाजाची शीर त्या गाठीच्या मागूनच जाते, दोऱ्यासारखी बारीक असते. आम्ही फार जपतो. म्हणून पूर्ण गुंगी देत नाही, जागा बधिर करतो आणि रोग्याला बोलायला लावतो. आवाज बदलला की आम्ही हात थांबवतो.

आक्का अण्णांकडं बघत राहिली. अण्णा भिंतीला टेकून खाली बसले होते. एवढा उंच माणूस, पण गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. ते म्हणाले, "तुझ्या आईच्या येळंला मी उशीर केला. आता तू मला पुन्हा उशीर करायला लावू नगं, बाई."

आक्का म्हणाली, "बरं."

आत काय झालं ते आक्कानं मला फार वर्षांनी सांगितलं. तोंडावर ओला कपडा टाकला होता, त्यामुळं दिसत काही नव्हतं. गळ्यावर ओढल्यासारखं वाटायचं, दुखत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "बाई, काहीतरी बोलत राहा." काय बोलावं ते तिला सुचेना. मग तिनं वर्गात म्हणायची तसे पाढे म्हणायला सुरुवात केली. बारा झाला, तेरा झाला. नर्स हसली, डॉक्टरही म्हणाले, "छान, आमचीही उजळणी होते." सतराच्या पाढ्यात पंच्याऐंशीपर्यंत आली आणि पुढचा आकडा तोंडातून आलाच नाही, नुसती हवा आली. तिला वाटलं, घसा कोरडा पडला. पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा हवाच. डॉक्टरांचा हात थांबला. मग ते कुणाला तरी इंग्रजीत काहीतरी म्हणाले आणि आक्काला म्हणाले, "आता बोलू नका. बास झालं."

बाहेर आल्यावर त्यांनी अण्णांना सांगितलं की गाठ शिरेला चिकटलेली होती, सोडवताना शीर दुखावली. कधी कधी दोन-चार महिन्यांत आवाज परत येतो. त्यांचा चेहरा उतरला होता.

महिन्यानं दवाखान्याचं पत्र आलं. अण्णांनी ते पोस्टमास्तरांकडून वाचून घेतलं आणि तसेच धावत घरी आले. गाठ साधी होती. कॅन्सर नव्हता. अण्णा रडत होते, हसत होते. त्यांनी गल्लीत साखर वाटली, बस्तीत नारळ ठेवला. आक्का पडवीत बसली होती. तिच्याजवळ एक पाटी असायची, बोलायच्या ऐवजी ती त्यावर लिहायची. तिनं लिहिलं आणि पाटी माझ्याकडं फिरवली.

"मग कापली कशाला?"

अण्णांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणत्या?" मी म्हटलं, "बरं झालं म्हणत्या." आक्कानं पाटी पुसली.

आवाज परत आला नाही. म्हणजे अगदीच गेला असंही नाही. सहा महिन्यांनी पाचोळ्यावरून कुणी चालावं तसा एक खरखरीत आवाज आला. समोर बसलेल्याला ऐकू येईल, वर्गाला नाही. पाणी पिताना ठसका लागायचा. शाळेत ती परत गेली. खाली बसलेल्या चाळीस मुली आणि वर ओठ हलवणारी मास्तरीण. एकदा तपासनीस आले आणि त्यांनी कविता म्हणून घ्यायला सांगितलं. आक्का पहिली ओळ सांगायला उभी राहिली आणि मागच्या मुली फिदीफिदी हसल्या. त्यानंतर तिला शिवण आणि कित्ता दिला. त्याला आवाज लागत नाही. तिनं तक्रार केली नाही. पण शनिवारी ती गावाकडं यायची ते आता वेशीत कुणाशी बोलत थांबायची नाही. एकदम दारात उभी दिसायची आणि मी दचकायचे.

माझ्याशी ती तीन वर्षं कामापुरतंच बोलली.

आता माझं सांगते. आक्काच्या ऑपरेशननंतर चार महिन्यांनी, आंघोळ करताना, माझ्या गळ्याला डाव्या बाजूला मला गाठ लागली. आईची होती त्याच बाजूला. तुरीच्या दाण्याएवढी. मी न्हाणीघरात कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. पाणी गार झालं. बाहेरून अण्णांनी हाक मारली तेव्हा उठले.

रविवारची तपासणी अजून चालू होती. मी अण्णांकडं आईची ठुशी मागितली. ठुशी गळ्याला घट्ट बसते, नेमकी त्या जागेवर. अण्णांना वाटलं, पोरीला आईची आठवण येते. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पेटीतून ती काढून स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात बांधली. त्यानंतर मी ती कधी काढली नाही. अण्णा पाणी पाजायचे, मी गिळायचे, आणि ठुशीचे मणी तेवढे हलायचे.

मी का लपवलं? आक्काचं झालं ते बघून भ्याले, हे तर खरंच. माझं लग्न ठरत होतं, गळ्यावर व्रण असलेली पोरगी कोण करणार, हेही होतं. पण त्याहून एक वाईट गोष्ट होती. आक्काची गाठ मी दोन दिवसांपलीकडं पोटात ठेवली नाही. माझी मात्र ठेवू शकले. आक्काच्या जिवाची मला एवढी काळजी होती की तिचं मी ऐकलं नाही, आणि माझ्या वेळेला तीच काळजी कुठं गेली? हा प्रश्न मी स्वतःला विचारायचे आणि उत्तर यायच्या आत उठून कामाला लागायचे.

लग्न होऊन मी बेळगावात आले. नवऱ्याचं कापडाचं दुकान. माणूस चांगला. गाठ त्यांच्या ध्यानात आली तेव्हा मी म्हटलं, "लहानपणापासून हाय, डॉक्टरनं बघितलंय." इतकं सहज खोटं बोलले. दोन मुली झाल्या. प्रत्येक बाळंतपणात वाटायचं की वाढली. रोज सकाळी आंघोळीला बसले की आधी बोट तिथं जायचं. कधी मोठी वाटायची, कधी तेवढीच. ज्या दिवशी मोठी वाटायची त्या दिवशी मुलींना उगीचच मार बसायचा.

अण्णा लढाई संपली त्या साली गेले. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मरायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "तुझ्या आक्काचा आवाज माझ्यामुळं गेला." मी म्हणायला पाहिजे होतं की नाही अण्णा, मी सांगितलं म्हणून गेला. मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

त्यानंतर वर्षभरात एक दिवस माझी धाकटी पोर मांडीवर खेळता खेळता ठुशीशी चाळा करत होती. तिनं ठुशी वर सरकवली आणि गाठीवर बोट ठेवून म्हणाली, "आई, हितं काय हाय?" आणि मग स्वतःचा गळा चाचपायला लागली. "मला बी हाय का?"

त्याच आठवड्यात मी निपाणीला गेले. आक्का खिडकीशी मुलींच्या शिवणाचे तुकडे तपासत होती. मी ठुशी काढली आणि तिचा हात धरून माझ्या गळ्यावर ठेवला.

ती बोटं तिथंच ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "किती वर्सं?"

"दहा."

"माझ्यानंतर?"

"चार म्हयन्यांनी."

तिनं हात काढला. आत गेली. घासून पालथी घातलेली भांडी तिनं पुन्हा घासायला घेतली. मी पडवीत बसून तो आवाज ऐकत होते. मी माफी मागायला आले होते की गाठ दाखवायला, तेच मला कळेना. बऱ्याच वेळानं ती पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "सकाळच्या मोटारीनं जाऊया."

आधीचे डॉक्टर आता नव्हते. नवे डॉक्टर तरुण होते, लढाईवर जाऊन आलेले. त्यांनी सगळं विचारून घेतलं. आईचं सांगितलं, आक्काचं सांगितलं. त्यांनी मला पाणी पाजून गळा बघितला, बाजूनं बघितला, काखेत बघितलं.

"दहा वर्षं म्हणता? आणि एवढीच?"

"जराशी वाढली असंल."

"आवाज बसला? गिळायला त्रास?"

"न्हाय."

ते हात धुता धुता म्हणाले, "मग मी हिला हात लावणार नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायला या. एकदम वाढली, घट्ट झाली, तर लगेच."

मला खुर्चीत बसल्या बसल्या रडू आलं. दहा वर्षं ज्याला भीत होते ते एवढ्यात संपलं होतं, निदान त्या दिवसापुरतं. आणि मग माझ्या मागून आक्काचा खरखरीत आवाज आला.

"माझी बी एवढीच होती."

डॉक्टर तिच्या गळ्यावरच्या व्रणाकडं बघत राहिले. त्यांना उत्तर टाळता आलं असतं. ते म्हणाले, "त्या वेळी तुमची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी तिथं असतो तर मीही बहुतेक कापलीच असती. आता आम्ही थोडं थांबायला लागलोय. पण बाई, थांबून एखादीची चूक निघाली तर मी तिच्या घरच्यांना काय सांगणार, तेही मला ठाऊक नाही."

आक्कानं मान हलवली. तिचं समाधान झालं की नाही ते मला कळलं नाही.

बाहेर येऊन आम्ही टांग्याची वाट बघत लिंबाच्या झाडाखाली उभ्या राहिलो. मी म्हटलं, "आक्का, मी तवा सांगायला नगो होतं."

"तू सोळा वर्सांची होतीस. आईला मरताना बघितलं होतंस." ती थांबली. बोलताना तिला मधेमधे श्वास घ्यावा लागायचा. "त्याचा राग माझा कधीच गेला. पण तुझी गाठ लपवलीस, आणि मला सांगितलं न्हाईस. दहा वर्सं मी एकटीच होते असं मला वाटत हुतं. तू बी होतीस की माझ्यासंगं."

टांगा दिसतो का म्हणून मी रस्त्याकडं बघत राहिले.

"तुला कापायला लागत न्हाय, ह्याचा आनंद झाला मला," ती म्हणाली. "पर आत्ता त्याबद्दल लई बोलू नगोस. मला जरा येळ लागंल."

टांगा आला. ती माझ्या घरी जेवायला थांबली नाही, सरळ मोटारअड्ड्यावर गेली.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. दोन वेळा मी तपासून आले. गाठ तेवढीच आहे. दोन्ही वेळा आक्का निपाणीहून पहिल्या मोटारीनं आली, माझ्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. चल म्हटलं तरी आत आली नाही. मी बाहेर आले की ती तोंडाकडं बघून ओळखायची आणि पिशवी उचलायची.